तीन डेसिबलचं मोल

रक्तदाब मोजताना डॉक्टर काय ऐकतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. दंडावरचा पट्टा फुगवून हळूहळू सैल करायला लागलं, की दबलेल्या धमनीतून रक्त पुन्हा वाट काढतं आणि स्टेथोस्कोपमधून बारीक ठोके ऐकू येतात. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके विरले तो खालचा. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या सरकारी दवाखान्यात हे ठोके कधी कधी मधूनच नाहीसे होतात. ओझरहून सुखोई उठलेलं असतं. मी पट्टा सैल सोडतो, पेशंट आपणहून छताकडे बघतो, अर्धा-पाऊण मिनिट आम्ही दोघंही गप्प बसतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

अशाच एका शांततेनंतर साठीतले एक द्राक्ष बागायतदार मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्या विमानांनी आमचे कान घालवले बघा." त्यांची तक्रार ठरावीक होती. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. नातू बोलला की पुन्हा विचारावं लागतं. टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून घरात रोज बोलाचाली. त्यांना कान तपासणीसाठी नाशिकला पाठवलं. तपासणीचा आलेख आला तेव्हा 4000 हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. मोठ्या आवाजानं कान गेल्याची ही जवळजवळ सहीच असते. पण दोन्ही कान सारखे गेलेले नव्हते, डावा जास्त गेला होता.

मी विचारलं, "काका, ट्रॅक्टर स्वतः चालवता?"

"चाळीस वर्षं झाली."

"मागं औजार बघायला मान कुठल्या बाजूनं वळवता?"

त्यांनी खुर्चीतच मान उजवीकडं वळवून दाखवली आणि मग स्वतःच हसले. उजव्या खांद्यावरून मागं बघताना डावा कान इंजिनाकडं आणि धुराड्याकडं होतो. जगभरातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्यांत हा डाव्या कानाचा नमुना आढळतो. विमान त्यांच्या डोक्यावरून दिवसातून दोन-चार वेळा, मिनिटभर जात होतं. ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर छाटणीपासून काढणीपर्यंत रोज कित्येक तास कानाशी होता. विमानाचा आवाज मोठा, म्हणून आळ त्याच्यावर गेला.

आवाजाकडं आपण एक तर उपद्रव म्हणून बघतो किंवा अभिमान म्हणून. डॉक्टरनं त्याच्याकडं औषधासारखं बघायला हवं, म्हणजे मात्रेच्या हिशेबानं. किती जोराचा आणि किती वेळ, या दोन्हींचा मिळून कानावर परिणाम होतो. जगात सर्वाधिक मान्यता असलेला हिशेब असा: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास सोसण्याजोगा. त्यापुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास. 100 डेसिबलला 15 मिनिटं. 115 ला अवघे 28 सेकंद. कारण डेसिबलची पट्टी साधी नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. गंमत अशी, की 3 डेसिबलचा फरक आपल्या कानाला जेमतेम जाणवतो. जाणिवेला तो क्षुल्लक असतो, पण कानाच्या आयुष्यात तो दुप्पट किंवा निम्मा असतो.

हे 3 डेसिबल लक्षात ठेवा. ते कमी व्हावेत म्हणून जगातले अभियंते सत्तर वर्षं झटत आहेत, आणि त्यांच्या कामाचा आमच्या तालुक्याशी थेट संबंध आहे.

ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 मध्ये आला. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. आधी मिग-21, मग मिग-27 आणि 2004 पासून सुखोई-30 असा त्या कारखान्याचा प्रवास झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथं तेजस मार्क-1ए बनवण्याच्या ओळीचं उद्घाटन झालं. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या दोन पिढ्यांची घरं या कारखान्यानं उभी केली. जून 2018 मध्ये चाचणी उड्डाणावरचं सुखोई पिंपळगावजवळ वावी-ठुशीच्या शिवारात कोसळलं आणि दोन्ही वैमानिक सुखरूप उतरले, तेव्हा त्यांच्या मदतीला धावलेलीही गावचीच माणसं होती. तेव्हा हा लेख विमानांविरुद्धचा नाही. पण ज्याचा अभिमान आहे त्याचा आवाज मोजू नये, असा काही नियम नाही.

तर, हा आवाज जन्मतो कुठं? बहुतेकांना वाटतं इंजिनाच्या पोटात. तिथंही होतो, पण उड्डाणाच्या वेळी कानठळ्या बसवणारा मुख्य आवाज इंजिनाच्या बाहेर, विमानाच्या मागच्या मोकळ्या हवेत जन्मतो. आम्हा डॉक्टरांना हे समजायला सोपं जावं. हृदयाची झडप अरुंद झाली की त्या फटीतून रक्ताची धार जोरानं सुटते. पुढच्या संथ रक्तात ती घुसते, भोवरे उठतात आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की 'मर्मर' ऐकू येते. महाधमनीची झडप अरुंद असेल, तर ही मर्मर मानेपर्यंत पोहोचते, म्हणजे धारेच्या वाटेनं पुढं जाते. फटीपेक्षा फटीच्या पुढं जे मिसळणं चालतं, ते बोलतं. विमानाच्या नळकांड्यातून सुटणारी तप्त वायूची धार आणि बाहेरची स्तब्ध हवा यांची मिसळण अशीच बोलते. फक्त तिचा वेग अफाट असतो.

त्या वेगाचा हिशेब 1952 मध्ये जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञानं मांडला. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या धारेचा आवाज तिच्या वेगाच्या आठव्या घातानं वाढतो, असं त्याचं सूत्र सांगतं. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ध्वनीची ताकद 256 पट. उलट वेग निम्मा केला तर 24 डेसिबलची बचत. नागरी विमानांनी नेमकं हेच केलं. ओझरच्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानही उठतं आणि सुखोईही. प्रवासी विमानाच्या इंजिनाचं तोंड भलंमोठं असतं. ते पुष्कळ हवा ओढतं आणि बेताच्या वेगानं मागं सोडतं. लढाऊ विमानाला ही चैन परवडत नाही. बारीक अंगाच्या इंजिनातून थोडी हवा प्रचंड वेगानं फेकूनच त्याला ध्वनीच्या पुढं जायचं असतं. उड्डाणाच्या वेळी धुरांड्यात पुन्हा इंधन जाळलं, की धारेचा वेग बाहेरच्या हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट-तिप्पट होतो. सुखोईला अशी दोन इंजिनं आहेत.

धार ध्वनीहून वेगवान झाली, की आवाजाची जातच बदलते. एकाच्या जागी तीन-चार आवाज येतात. धारेतले मोठे भोवरे बाहेरच्या ध्वनीपेक्षा जोरात पळू लागले, की वेगवान होडीमागं पाण्यात तिरक्या लाटा उठतात तशा त्यांच्यापासून तिरक्या ध्वनिलहरी निघतात. म्हणून लढाऊ विमानाचा सर्वांत मोठा आवाज सरळ मागं नसतो, तर मागच्या बाजूला तिरका जातो. धावपट्टीवर काम करणाऱ्यानं कुठं उभं राहू नये, हे यावरून ठरतं. दुसरा आवाज आघातलहरींचा. संध्याकाळी उठणाऱ्या लढाऊ विमानाच्या ज्वाळेत एकापुढं एक उजळ ठिपक्यांची माळ दिसते. धारेचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब जुळत नाही, म्हणून धार फुगते, आवळते, पुन्हा फुगते. त्या आवळण्याच्या जागा म्हणजे ती माळ. भोवरे या माळेतून धडपडत जाताना फुत्कारासारखा आवाज करतात. तिसरा आवाज किंकाळीचा. भोवरा आघातलहरीवर आदळतो, तिथून निघालेला ध्वनी उलटा नळकांड्याच्या काठापर्यंत येतो आणि तिथं नवा भोवरा जागा करतो. लग्नाच्या मांडवात माइक लाउडस्पीकरसमोर आला की जो 'कुईं' आवाज फिरत राहतो, त्याचंच हे रूप. अॅलन पॉवेलनं 1953 मध्ये याचं कोडं उलगडलं. शेजारी-शेजारी असलेल्या दोन धारांच्या किंकाळ्या जुळल्या, तर नळकांड्याच्या धातूच्या पट्ट्यांनाही तडे जातात. अमेरिकेच्या एफ-15 आणि बी-1 विमानांत ते दिसलं. धातूला जे तडे देतं ते कानाच्या पेशींना काय करत असेल, याची कल्पना करा. चौथा आवाज म्हणजे तडतड. कापड टराटरा फाडल्यासारखे दाबाचे तीक्ष्ण झटके. कॉन्कॉर्डच्या इंजिनावर काम करताना 1975 मध्ये त्याचं नीट वर्णन झालं. डेसिबलच्या सरासरीत हा आवाज नीट उतरत नाही, पण माणसाला तोच सर्वांत जास्त बोचतो.

मग उपाय काय? धार लवकर हवेत मिसळून टाकावी, म्हणजे तिचा वेग लवकर उतरेल. पण इथंच निसर्गानं अडचण करून ठेवली आहे. 1970 च्या दशकात ब्राउन आणि रोश्को यांनी दोन वायूंच्या सीमेवरच्या मोठ्या, शिस्तबद्ध भोवऱ्यांची छायाचित्रं काढून दाखवली. मिसळण्याचं बरंचसं काम तेच भोवरे करतात. पुढं 1988 मध्ये पापामोस्कू आणि रोश्को यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं, की भोवऱ्यांचा वेग ध्वनीच्या जवळ गेला की मिसळण्याचा पट्टा फुगणंच मंदावतं. अतिवेगवान धार जणू कोणात मिसळायला तयार नसते. ती अभंग राहून लांबवर जाते आणि वाटभर बोलत राहते. म्हणून तिच्यावर गाडीच्या सायलेन्सरसारखा डबा बसवता येत नाही. आवाजाचा उगमच विमानाच्या मागं कित्येक मीटरवर पसरलेला असतो.

यावरचे प्रयोग पाहायला साधे वाटतात. उच्च दाबाच्या हवेच्या टाक्या, बोटाएवढ्या व्यासाचं नळकांडं आणि भिंतींवर पाचरी लावून प्रतिध्वनी मारलेली खोली. नळकांड्याभोवती अर्धवर्तुळात मायक्रोफोन. हवेच्या घनतेतला फरक सावलीसारखा दाखवणारी प्रकाशाची जुनी युक्ती वापरून आघातलहरींचे फोटो. मग नळकांड्याच्या काठाशी एकेक बदल करून पाहायचा. 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये नळकांड्याच्या काठाला पन्हाळी पत्र्यासारख्या चुण्या दिल्या गेल्या. आज बोइंग 787 च्या इंजिनाच्या मागच्या काठाला करवतीसारखे दाते दिसतात, ते त्याच कल्पनेचं पुढचं रूप. आपल्याकडं आयआयटी कानपूरमध्ये प्रा. ई. राधाकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नळकांड्याच्या तोंडाशी छोट्या पट्ट्या बसवून ध्वनीहून वेगवान धारेचा अभंग भाग किती आखूड करता येतो, यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एवढीशी पट्टी धारेच्या काठाला पीळ देते, लहान भोवऱ्यांच्या जोड्या उठवते आणि बाहेरची हवा आत ओढते.

पण प्रत्येक पट्टी, प्रत्येक दाता थोडा रेटा खातो. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला तो रेटा जीव वाचवायला लागतो. म्हणून हे संशोधन म्हणजे सोनाराच्या काट्यावरचा हिशेब आहे: किती आवाज गेला आणि त्यासाठी किती रेटा मोजला. तेजसमध्ये एफ-404 जातीचं इंजिन आहे. याच जातीच्या इंजिनावर अमेरिकेत असे दाते लावून चाचण्या झाल्या. लाभ मोजक्या डेसिबलचाच. वाचणारा म्हणेल, एवढा खटाटोप आणि हाती काय, दोन-तीन डेसिबल?

इथं डॉक्टरनं मध्ये बोललं पाहिजे.

विमानवाहू जहाजाच्या डेकवर काम करणाऱ्याच्या कानाशी आवाज 150 डेसिबलपर्यंत जातो. कानात गोळे आणि वरून कर्णरक्षक, अशी दुहेरी ढाल लावली तरी चांगल्यात चांगला बचाव 40 डेसिबलच्या आसपासच थांबतो. त्यापुढं ढाल कितीही जाड केली तरी उपयोग नसतो, कारण आवाज कवटीच्या हाडातून आत पोहोचतो. उरतात 110 डेसिबल. वरच्या हिशेबानं दिवसाला दीड मिनिट. एवढ्यात एक विमानही नीट उडवून होत नाही. आता अभियंत्यानं उगमाशीच 3 डेसिबल कमी केले, तर दीडाची तीन मिनिटं होतात. 6 कमी केले तर सहा. ढाल जिथं संपते तिथं फक्त उगमाचा उपाय उरतो. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या भरपाई मिळणाऱ्या व्याधींत कानात सतत वाजणारा नाद आणि बहिरेपणा वर्षानुवर्षं अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. तिकडं नौदल या संशोधनावर पैसा घालतं ते हौसेनं नव्हे.

कारण गेलेला कान परत येत नाही. आपल्या प्रत्येक कानात जन्मतः सुमारे 15 हजार केसपेशी असतात. त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस ध्वनीनं डोलतात आणि त्या डोलण्याचे संदेश मेंदूला जातात. गव्हाच्या शेतावरून वारा गेला की पीक झुकतं आणि पुन्हा उभं राहतं. मिरवणुकीतून आल्यावर रात्रभर कान बधिर राहतात आणि सकाळी ठीक वाटतात, ते असंच उभं राहणं. पण पुन्हा पुन्हा आडवं झालेलं पीक एके दिवशी उठत नाही. माणसाच्या कानात ही पेरणी दुसऱ्यांदा होत नाही. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ, ट ही व्यंजनं हरवतात आणि स्वर ऐकू येत राहतात. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. माणूस बहिरा झाल्याचं घरच्यांना आधी कळतं, त्याला सर्वांत शेवटी.

हे सगळं धावपट्टीपुरतं आहे असं समजू नका. ध्वनीहून वेगवान धार बघायला ओझरला जायची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कुठल्याही टायरच्या दुकानात जा. कंप्रेसरमध्ये हवा वातावरणाच्या सहा-सात पट दाबानं भरलेली असते. हवेच्या गनचा खटका दाबला, की बारीक भोकातून सुटणारी ती हवा तोंडाबाहेर पडताच फुगते आणि काही मिलिमीटर का होईना, ध्वनीच्या वेगापुढं जाते. सुखोईच्या ज्वाळेतली ती माळ तिथंही असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅक्टरचं फिल्टर झाडताना, कपड्यांवरची धूळ उडवताना हीच गन कानापासून हातभर अंतरावर चालते आणि 100 डेसिबल सहज गाठते. माझ्याकडं विशी-पंचविशीतली टायरवाली पोरं 'कानात सारखी शिट्टी वाजते' म्हणून येतात. त्यांच्यासाठी याच संशोधनाचं एक स्वस्त फळ तयार आहे. एका भोकाऐवजी अनेक बारीक भोकांचं तोंड गनला बसवलं, की धार लवकर मिसळते आणि आवाज बऱ्याच डेसिबलनं उतरतो. ज्या विज्ञानाचा तेजसला अजून पूर्ण उपयोग करता आला नाही, ते टायरच्या दुकानात थोडक्या खर्चात चालतं.

गावांवरून जाणाऱ्या आवाजाचा प्रश्न वेगळा आहे. दहा-बारा किलोमीटरवरच्या पिंपळगावात त्यानं कान जात नाहीत. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो आणि हवा त्यातलाही काही भाग शोषते. अधूनमधून वरून गेलेल्या विमानानं तान्ह्या बाळाचे कान बिघडतील, या धास्तीनं येणाऱ्या आयांना मी हेच सांगतो. पण आवाज कानापुरता थांबत नाही. लंडन, अॅमस्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांभोवतालच्या 89 शाळांतल्या 2844 मुलांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जिथं जास्त, तिथं मुलांचं वाचनाचं आकलन मागं पडलं होतं. म्युनिकचा जुना विमानतळ 1992 मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडं सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं आधी आणि नंतर तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन उतरलं, जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं. म्हणजे नुकसान भरून येऊ शकतं, हीही त्यातली चांगली बातमी. युरोपातल्या सहा विमानतळांभोवतीच्या 2008 च्या अभ्यासात रात्रीचा विमानांचा आवाज 10 डेसिबलनं वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता 14 टक्क्यांनी वाढलेली दिसली. या ठिकाणी दिवसाला शेकडो विमानं उतरतात. ओझरची तुलना त्यांच्याशी सरळ करता येणार नाही. पण वर्गात शिकवणारे गुरुजी वाक्य अर्धवट सोडून थांबतात, तेव्हा मुलांचंही काहीतरी अर्धवट राहतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहिलं, मोजणी. पावसाचे मिलिमीटर आपण तालुकावार छापतो, तसा ओझरच्या धावपट्टीभोवतीचा आवाजाचा नकाशा असावा: जानोरी, ओझर, कोकणगाव, पिंपळगाव, कुठं दिवसाला किती आणि कमाल किती. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. विमानांची संख्या वाढण्याआधी हे केलं, तरच पुढं काय बदललं ते कळेल. उड्डाणांची गुपितं न सांगताही डेसिबल सांगता येतात.

दुसरं, तपासणी. शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी सरकारी कार्यक्रमात होतेच आणि बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. नकाशात जिथं आवाज जास्त दिसेल त्या शाळांपासून कानांची तपासणी नेमानं सुरू करावी आणि तिथल्या वर्गांच्या खिडक्या-छपरांवर आधी खर्च करावा. चाळिशीपुढच्या ट्रॅक्टरचालकांनी, टायरवाल्यांनी, वर्कशॉपमधल्या कामगारांनी वर्षातून एकदा कानाचा आलेख काढावा. साखर तपासतो, तसाच.

तिसरं, नियम. आपल्याकडच्या कारखान्यांसाठीच्या नियमांत वर्षानुवर्षं 8 तासांसाठी 90 डेसिबलची मुभा आहे आणि वेळ निम्मी होते ती दर 5 डेसिबलनं. त्यामुळं 100 डेसिबलला 2 तास चालतात; आरोग्याचा हिशेब 15 मिनिटं म्हणतो. 115 ला पाव तास, जिथं 28 सेकंदही पुरे. कानाच्या पेशी सरकारी तक्ता वाचत नाहीत. 85 आणि 3 हे दोन आकडे आपल्या कायद्यात यायला हवेत.

आणि चौथं, संशोधन. लढाऊ विमान आपण बनवू लागलो, पुढं इंजिनही आपलं बनवायचं म्हणतो. त्या इंजिनाच्या आराखड्यात रेटा, इंधन आणि वजन यांच्या रांगेत आवाजाचाही रकाना पहिल्या दिवसापासून असावा. नंतर चिकटवलेली पट्टी नेहमी महाग पडते. कानपूरला बोटाएवढ्या नळकांड्यावर झालेलं काम मोठ्या इंजिनापर्यंत न्यायला पैसा आणि चिकाटी लागेल. ज्या मातीतून ही विमानं उठतात, तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी यात का नसावं?

तोवर आपल्या हातातले 3 डेसिबल आपण कमवायचे. ट्रॅक्टरचं फाटकं सायलेन्सर बदलणं, ब्लोअर चालवताना कानात फोमचे गोळे घालणं, डीजेच्या भिंतीपासून दुप्पट अंतरावर उभं राहणं, हवेची गन अर्धा वेळ वापरणं. यातलं प्रत्येक काम कानाला दुप्पट वेळ मिळवून देतं. कापूस उपयोगाचा नाही, तो जवळजवळ काहीच अडवत नाही. फोमचा गोळा बोटांनी बारीक वळून, कान मागं-वर ओढून आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. एवढं दाखवायला आम्हाला दोन मिनिटं लागतात.

ते बागायतदार आता फवारणीला जाताना गोळे घालतात. गेलेलं ऐकू आलेलं नाही, येणारही नाही. पण उरलंय ते टिकलंय. परवा दवाखान्यात त्यांचा रक्तदाब घेत असताना पुन्हा ओझरकडून विमान आलं. मी थांबलो. ते छताकडे बघून म्हणाले, "ह्याच्या कानात कोण गोळे घालणार?" मी म्हटलं, "काका, त्याचं तोंड बारीक करणारी माणसं कामाला लागलीत." मग ठोके परत ऐकू येऊ लागले आणि मी आकडा लिहून घेतला.